आवळ्याला वास असतो कुठे?

फेब्रुवारीतली सकाळ. पहाटे चारपासून सुरू झालेली तोडणी ऊन चढायच्या आत उरकली होती, क्रेट भरलेला टेंपो वायनरीकडे निघून गेला होता. ओट्यावर फुटकी कात्री, हातमोजे आणि चुकून राहिलेले दोन-चार घड पडलेले. वाइनची द्राक्षं बारकी, जाड सालीची, बियांची. घरात कुणी खात नाही, तरी नाना, माझे वडील, जाता-येता एखादा मणी तोंडात टाकतात आणि बी दाताखाली फोडून बघतात. मी पुण्याहून येताना एक इंग्रजी वाइन मासिक आणलं होतं. चहा होईपर्यंत मी ते चाळत बसले होते. नानांनी विचारलं, "आपल्या मालाबद्दल काही आहे का त्यात?" आपल्या नाही, पण आपल्या जातीबद्दल होतं. सॉविन्यॉन ब्लाँ, पांढऱ्या वाइनची द्राक्षं. मी वाचून दाखवायला लागले: ताजं कापलेलं गवत, ओला दगड, गूजबेरी. "गूजबेरी म्हणजे काय गं?" मी एका दमात म्हणाले, "आवळा." नाना थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले,

"आवळ्याला वास असतो कुठे?"

खरंच नसतो. आवळा तुरट, आंबट, मागाहून पाण्याबरोबर गोड. पण नाकाशी धरलात तर जवळजवळ काहीच नाही. आवळा सगळा जिभेचा. पाचवीपासून डोक्यात बसलेला एक शब्द मी दुसऱ्या शब्दावर ठेवून दिला होता आणि मध्ये नाक कुठे आलंच नव्हतं. नाना माळकरी आहेत, थेंबही घेत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनीच दिवाळीत वायनरीकडून आलेली बाटली काढायला सांगितली. ती कपाटात पापडाच्या डब्यामागे तशीच पडून होती. मी काचेच्या पेल्यात दोन बोटं ओतली. आई आतून बघत होती. "वास घ्यायला माळ आड येत नाही," असं तिला सांगून त्यांनी पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मग पेला माझ्या हातात देत म्हणाले, "पेरू. पिकलेला नाही, कच्चाही नाही. गदरलेला." आणि ठिबकचा फिल्टर धुवायला निघून गेले.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. तेव्हापासून कुठलंही वाइन मासिक हातात घेतलं की आधी हा प्रसंग आठवतो आणि मगच पान उलटतं.

मी वाइन मासिकं वाचायला लागले ती चाळिशीच्या जरा अलीकडे. बँकेतल्या वरिष्ठांबरोबर एका जेवणाला गेले होते. कुणीतरी कौतुकानं म्हणालं, "हिच्या वडलांची वाइनची बाग आहे, हिलाच मागवू द्या." यादी माझ्या हातात आली. मला छाटणीची तारीख सांगता आली असती. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला, ऑक्टोबरची गोडी छाटणी घडासाठी. भुरी आणि डाऊनी हे रोग पानाच्या कुठल्या बाजूला दिसतात, किती ब्रिक्सला, म्हणजे रसातल्या किती साखरेला, माल उचलतात हेही सांगता आलं असतं. पण त्या यादीतली एकही ओळ मला वाचता येत नव्हती. घरात आम्ही 'वाइन' हा शब्द फक्त द्राक्षांच्या आधी लावायचो: वाइनची द्राक्षं, वाइनचा प्लॉट. बाटलीत जाऊन त्याचं काय होतं, ते आमच्या बोलण्यात कधी नसायचं. त्यात थोडा संकोच होता आणि थोडं भयही. त्या रात्री मी ठरवलं की हे शिकायचं. शिकायचं म्हणजे वाचायचं, एवढीच वाट मला ठाऊक होती.

मुंबईला कामासाठी गेले की फोर्टातल्या फुटपाथवरून वाइन स्पेक्टेटरचे जुने अंक उचलायचे. लंडनचा मावसभाऊ येताना डिकँटरचे वाचून झालेले अंक आणायचा. स्पेक्टेटर मोठ्या आकाराचा, जाड, जाहिरातींनी भरलेला. हात लावला की श्रीमंत वाटायचं. डिकँटर १९७५चा, स्पेक्टेटर १९७६चा, म्हणजे दोघं जवळजवळ माझ्याच वयाचे. मी सगळ्यात आधी शेवटची पानं उघडायचे, जिथे बारीक अक्षरात वाइनची नावं आणि पुढे गुण छापलेले असतात. ९१, ८८, ९४. गुण वाचायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. दहावीचा निकाल घेऊन घरी येणाऱ्या प्रत्येकाला ९१ आणि ८८ मधलं अंतर छातीत कळतं. मी वहीत याद्या करायला लागले. नव्वदच्या वरचे लाल शाईनं, खालचे निळ्या.

ही गुणांची पद्धत मासिकांत रुजवली ती प्रामुख्यानं रॉबर्ट पार्कर या अमेरिकन वकिलानं. १९७८ मध्ये त्यानं वाइन अॅडव्होकेट हे वार्तापत्र सुरू केलं. जाहिरात घ्यायची नाही, विक्रेत्याच्या ताटाखालचं मांजर व्हायचं नाही, ग्राहकाच्या बाजूनं लिहायचं, हा बाणा. फ्रान्समधल्या बोर्दोच्या १९८२च्या पिकाला त्यानं ठामपणे उचलून धरलं आणि त्याचं नाव जगभर झालं. त्याच्या शंभरातले पन्नास गुण प्रत्येक वाइनला नुसतं पेल्यात आल्याबद्दल मिळतात. उरलेल्या पन्नासात रंग ५, वास १५, चव आणि शेवट २०, एकूण दर्जा १०. हे कळलं तेव्हा मी माझी लाल-निळी वही पुन्हा उघडून बसले. वासाला पंधराच. आणि ते पंधरा दुसऱ्याच्या नाकाचे. इंग्रज समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन वीसपैकी गुण देते, इटलीच्या गाम्बेरो रोस्सो या वाइन-मार्गदर्शकाचा सर्वोच्च मान म्हणजे तीन पेले. मोजपट्टी बदलते, तरी माझ्यासारखीच्या हाती शेवटी एक आकडाच लागतो.

मग या आकड्यांच्या मागे काय आहे ते शोधत गेले. कॅलिफोर्नियातले एक निवृत्त प्राध्यापक आणि वाइन बनवणारे, रॉबर्ट हॉजसन, यांनी तिथल्या राज्य जत्रेतल्या वाइन स्पर्धेच्या परीक्षकांपुढे एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीन-तीनदा ठेवली. २००८ मध्ये त्यांनी निकाल छापला: दर वेळी जवळपास तेच गुण देणारे परीक्षक दहातला जेमतेम एक. त्याआधी २००१ मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी ५४ जणांना पांढरी वाइन बिनवासाच्या लाल रंगानं रंगवून दिली होती. त्यांनी तिचं वर्णन बहुतांशी लाल वाइनच्या शब्दांत केलं. २००८ मध्येच रॉबिन गोल्डस्टीन या लेखकानं मिलानमध्ये नसलेलं एक रेस्तराँ कागदावर उभं केलं, २५० डॉलर शुल्क भरलं आणि स्पेक्टेटरचा वाइन-यादीसाठीचा गौरव पुरस्कार मिळवला. मासिकाचं म्हणणं होतं की आपण फोन करून पाहिले होते, ते उत्तरयंत्रावर गेले. हे सगळं वाचून मला आनंद झाला नाही. ज्या आकड्यांवर मी दोन वर्षं काढली होती ते पायाखालून सरकत होते, आणि त्याच वेळी एक सुटकाही वाटत होती. ५४ शिकलेली नाकं डोळ्यांमागे गेली, तर माझं एक नाक शब्दकोशामागे गेलं यात नवल नव्हतं.

आणि नाना डोळे मिटून बसले होते.

शब्दांची अडचण मात्र आकड्यांपेक्षा खोल आहे. इंग्रज माणूस गूजबेरी लिहितो तेव्हा त्याच्या आजीच्या परसातलं काटेरी झुडूप, जूनमधली हिरवट फळं आणि त्यांचा उकळता मुरांबा, एवढं सगळं एका शब्दात येतं. ते फळ थंड देशाचं, आपल्याकडे होत नाही. आपली रसभरी वेगळी, रायआवळा वेगळा, आवळा तर पूर्णच वेगळा. कॅबर्ने सॉविन्यॉनच्या वर्णनात ओळीआड येणारा ब्लॅककरंट तसाच. आपल्याकडे काळ्या मनुकांवर ते नाव चिकटवलेलं असतं, आणि मी कित्येक दिवस लाल वाइनमध्ये मनुका शोधत होते. ते मुळात वेगळ्या झुडपाचं, उग्र वासाचं फळ. अमेरिकेत पाइनच्या झाडांवर रोग पसरवतं म्हणून त्याच्या लागवडीवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९६६पर्यंत देशभर बंदी होती. तिथल्याही अनेक वाचकांनी तो शब्द चवीशिवायच गिळला असणार. मग मला वाटायला लागलं, मासिक कुणाच्या स्वयंपाकघरात उभं राहून बोलतंय, हे आधी बघायला हवं.

माझी दिशा बदलली ती एका चित्रामुळे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या अॅन नोबल यांनी १९८४ मध्ये वासांचं एक चाक प्रसिद्ध केलं. आतल्या वर्तुळात ढोबळ शब्द: फळाचा, फुलाचा, मसाल्याचा, मातीचा. बाहेर जावं तसे नेमके. त्यातली माझ्या कामाची गोष्ट म्हणजे कृती. साध्या वाइनमध्ये तो-तो पदार्थ चिमूटभर टाकून झाकायचा आणि मग हुंगायचा. शब्द नंतर, पदार्थ आधी. मी एका रविवारी आठ पेले मांडले, प्रत्येकात स्वस्तातली शेनिन ब्लाँ दोन बोटं. एकात नखाएवढी ढोबळी मिरची, एकात कैरीची साल, एकात भरडलेले धने, एकात लवंग, एकात ओल्या माठाची खापरी, एकात पेरूची फोड. वर स्टीलच्या ताटल्या झाकल्या. अर्ध्या तासानं एकेक उघडत गेले. ढोबळी मिरचीची ताटली काढली आणि अंगावर काटा आला. शेडनेटमध्ये नानांनी दोन हंगाम मिरची केली होती. सकाळी आत शिरताना येणारा तो हिरवा, थंड, किंचित कडवट वास. तोच वास मी कितीतरी बाटल्यांत घेतला होता आणि त्याला 'कापलेलं गवत' म्हणत आले होते, कारण मासिकात तसं छापलं होतं.

तेव्हापासून माझी मासिकं गळत गेली. नवख्या माणसानं काय वाचावं असं मला कुणी विचारलं, तर मी आधी वर्षाची वर्गणी भरू नका म्हणते. एक जुना अंक मिळवा. मागची गुणांची पानं सोडून द्या, कारण त्यातल्या बहुतेक बाटल्या इथे मिळतच नाहीत. आयात वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के शुल्क होतं, आणि ज्या थोड्या मिळतात त्यांची किंमत बघून जीभ आखडते. मधला एखादा लांब लेख वाचा. त्यात कुणाच्या हाताला माती लागलेली दिसते का? लिहिणाऱ्यानं एखादी वाइन आवडली नाही असं सरळ लिहिलंय का, की प्रत्येक बाटली 'मोहक' आहे? आणि ज्या वाइनचं कौतुक आहे तिचीच जाहिरात समोरच्या पानावर आहे का? डिकँटरमध्ये तीन परीक्षक बाटल्या झाकून चाखतात आणि तिघांचं मत शेजारी शेजारी छापतात, ते मला गुणांपेक्षा शिकवून जातं. एकाला जे 'ताजं' वाटतं ते दुसऱ्याला 'कच्चं' वाटतं, आणि दोघंही आयुष्यभर हेच करत आलेले. तो मतभेद वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की या खोलीत माझ्यासाठीही खुर्ची असू शकते. नोबल रॉट हे लंडनचं छोटं मासिक २०१३ पासून निघतं. त्यात लिहिणारे मित्रांच्या जेवणात बसल्यासारखे लिहितात. आणि रीवा सिंग यांचं सॉमेलिए इंडिया दिल्लीहून निघतं, त्यात नाशिक हे लांबचं नवल नसतं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली, ती म्हणजे महिने. युरोपातली मासिकं सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणीनं भरलेली असतात: टोपल्या, हसरे मजूर, सोनेरी ऊन. आमच्याकडे ऑक्टोबरात बाग छाटून बोडकी झालेली असते आणि नाना आभाळाकडे बघत असतात, कारण फुटीवर पाऊस आला की डाऊनी आली. आमची तोडणी पौषात, माघात. त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या यात्रेच्या दिंड्या रस्त्यानं जात असतात तेव्हा. अशी ती मासिकं वाचताना मला नेहमी दुसऱ्याच्या घरातलं कॅलेंडर बघितल्यासारखं होतं.

एकदा तर ते नको झालं. २०१०च्या आसपास मंदीमुळे नाशिककडच्या वायनऱ्यांचा माल पडून राहिला. आमच्या शिराजचा, म्हणजे लाल वाइनच्या द्राक्षांचा, करार ज्या वायनरीशी होता तिनं त्या हंगामात गाडीच पाठवली नाही. आज येते, उद्या येते करत द्राक्षं वेलीवर सुकली, मधमाश्या लागल्या. ही द्राक्षं बाजारात नेऊन विकता येत नाहीत. बारकं, बियांचं फळ कोण घेणार? मे महिन्यात नानांनी जेसीबी लावून दोन एकर उपटली. पुढची दोन वर्षं आमच्या बंबात शिराजची खोडं जळत होती आणि सगळं घर त्या पाण्यानं आंघोळ करत होतं. बऱ्याच वर्षांनी एका गुळगुळीत अंकात मी बोर्दोकडच्या मांसाच्या एका पदार्थाबद्दल वाचलं. तो द्राक्षाच्या वाळक्या काड्यांवर भाजतात, आणि त्या धुराला कसा नाजूक, गोडसर वास असतो यावर लेखकानं एक सुंदर परिच्छेद लिहिला होता. परिच्छेद खरा होता. मला तो वास येत होता. मी अंक मिटून ठेवला आणि बरेच महिने कुठलंही मासिक उघडलं नाही.

पुन्हा उघडलं ते एका जुन्या बातमीमुळे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअर या इंग्रज दुकानदारानं फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन झाकून फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. आमंत्रण अनेक पत्रकारांना होतं. आला एकटा, टाइम साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. पांढऱ्यांत आणि लालमध्ये दोन्हीकडे कॅलिफोर्निया पहिली आली. टेबरनं चार परिच्छेदांची बातमी दिली आणि वाइनचं जग बदललं. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट लागली. टेबरच्या हातात वाइनची यादी होती, त्यामुळे कुठल्या पेल्यात काय आहे हे त्याला दिसत होतं. एका परीक्षकानं कॅलिफोर्नियातल्या नापाची शार्दने, म्हणजे पांढरी वाइन, चाखून 'आता परत फ्रान्सला आलो' असं म्हटलं, आणि दुसऱ्यानं फ्रान्सच्याच बर्गंडीची नामांकित वाइन पिऊन 'ही नक्की कॅलिफोर्नियाची, हिला वासच नाही' असा निकाल दिला. टेबरनं ते शब्द टिपून घेतले. चार परिच्छेदांत निकाल होता, पण माणसं काय बोलली तेही होतं. हाच स्परिअर पुढे कितीतरी वर्षं डिकँटरमध्ये लिहीत राहिला. मला त्याच्या लिखाणात एका माणसाचं नाक सतत जागं असलेलं जाणवतं. तो गेला २०२१ मध्ये.

आणि गेल्या पावसाळ्यात मला हवं होतं ते सापडलं. सॉविन्यॉन ब्लाँचा वास कशानं येतो यावरचा लेख होता. ढोबळी मिरचीसारखा हिरवा वास देणारे रेणू द्राक्षातच असतात आणि ऊन लागत जाईल, फळ पिकत जाईल तसे कमी होतात. दुसरे गंधकाचे रेणू द्राक्षात बांधलेले, झोपलेले असतात. यीस्ट रसावर काम करतं तेव्हा ते मोकळे होतात. बोर्दोच्या ज्या दनी द्युबुर्दिए यांचं नाव त्या रंगवलेल्या वाइनच्या प्रयोगावर आहे, त्यांच्याच चमूनं हे दुसरे रेणू ओळखले. लेखात पुढे लिहिलं होतं की यांतलेच रेणू पॅशनफ्रूटमध्ये सापडतात. आणि पेरूत.

मी ती ओळ तीनदा वाचली. नानांनी तो मणी आयुष्यभर चावला होता आणि त्यात त्यांना पेरू कधी लागला नव्हता, कारण तो तिथे मोकळा नव्हताच. आमच्या बागेतून टेंपोनं गेलेल्या मालातून कुठल्यातरी टाकीत तो बाहेर पडला, आणि पापडाच्या डब्यामागच्या बाटलीत बसून राहिला. मी त्याच रात्री फोन लावला. नाना जेवून अंगणात बसले होते, मागे टीव्हीवर कीर्तन चालू होतं. मी लेख मराठीत सांगत गेले, जमेल तसा, रेणू म्हणजे काय आणि यीस्ट म्हणजे दह्याच्या विरजणासारखं काम करणारं काय असतं ते. पलीकडे शांतता होती. मला वाटलं फोन कट झाला.

"ऐकतोय," नाना म्हणाले. "पण पेरू कुठला म्हणतात ते?"

"म्हणजे?"

"लखनौ एकोणपन्नास, का गावठी? दोघांच्या वासात लई फरक आहे. आणि आतून लाल असतो तो अजून वेगळा."

लेखात ते नव्हतं. मी पुन्हा पान काढून पाहिलं, तळटिपाही पाहिल्या. फक्त पेरू लिहिलं होतं. नाना म्हणाले, विहिरीकडेच्या गावठी झाडाला माघात फळं असतील, लखनौ बाजारातून आणू, तू तुझी बाटली घेऊन ये. आई मागून काहीतरी म्हणाली; बहुतेक पेल्यांबद्दल, कारण घरात तो काचेचा पेला एकच आहे.